बी बाजू, तिसरं गाणं

आधीच सांगून ठेवतो, नंतर वाद नको:
त्या चौघांवर माझा जीव आहे.
वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट क्वार्टर्समध्ये
फरशीवर पाठ टेकून
मी त्यांच्याकडून इंग्रजी शिकलो, चुकीचं,
आणि गिटार कधी हातात न घेताच
बोटांना गिटारची खोड लागली.

पण बी बाजूचं तिसरं गाणं
मला आवडत नाही.

त्यात ते हिंदुस्थानात येतात.
म्हणजे येत नाहीत, आपल्या घरी बसूनच येतात.
सतार आहे, ती कुणी जुळवलेली नाही.
हत्ती आहे. धुकं आहे.
एक साधू आहे, जो दर कडव्याला सांगतो
की सगळं एकच आहे.
आमच्या खिडकीतून तेव्हा दिसायची
चेंबूरच्या रिफायनरीची ज्योत
आणि टँकरभोवतीचं भांडण.
सगळं एकच असतं
तर बादल्यांवर नावं कशाला रंगवली असती?

हेरंब चुरीला नेमकं तेच आवडायचं.
तो माहीमचा. त्याचा मामा जहाजावर फिटर.
मामाने रॉटरडॅमहून रेकॉर्ड आणली,
हेरंबने तिच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवून
दारं-खिडक्या लावून
मला नव्वदची कॅसेट भरून दिली,
निळ्या पेनाने गाण्यांची नावं लिहिली
आणि तिसऱ्याखाली दोन रेघा ओढल्या.
"तुला कानच नाहीत," तो म्हणायचा.
"आहेत, म्हणून तर," मी म्हणायचो.
या एका गाण्यापायी
माहीमच्या स्टॉपवर आम्ही कितीदा बस सोडली,
एकदा तर अकरा दिवस अबोला.
फालतू.
पण त्या वयात फालतू काही नसतंच.

ए बाजूचं शेवटचंही नाही आवडत,
ते लहान मुलांच्या कोरसचं.
आणि ड्रमवाल्याची सात मिनिटांची एकट्याची आदळआपट,
तेवढ्यात माझी दाढी व्हायची.

तर, तिसरं.
सेल महाग. म्हणून कॅसेट बाहेर काढायची,
पेन्सिल खुपसायची, फिरवायचं.
किती वेढे ते मनगटाला पाठ होतं.
एकशे चाळीस.
एकशे पंचेचाळीस झाले तर चौथ्याची सुरुवात हुकायची.

गेल्या शनिवारी मुलीने
कुठूनसा जुना टेपरेकॉर्डर आणला,
हल्ली जुनं म्हणजे भारी असतं.
माळ्यावरचं खोकं उतरवलं.
बी बाजू लावली.
पहिलं गाणं बुडत्या माणसासारखं बोललं.
दुसऱ्याला आवाजच उरला नव्हता,
खरखर, आणि खरखरीच्या तळाशी कुठेतरी
तो गिटारचा तुकडा, ज्यासाठी मी
एका रात्रीत वीस-वीस वेळा मागे जायचो.
मीच झिजवलं. दुसरं कोण येणार होतं?

मग तिसरं लागलं.
कोरं करकरीत.
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखं.
प्रत्येक बेसूर तार वेगळी ऐकू येत होती,
हत्तीच्या गळ्यातली घंटासुद्धा.
मुलगी म्हणाली, "हे किती छान आलंय."
मी काही बोललो नाही.
शेवटच्या कडव्याला,
जिथे माझ्या कॅसेटवर मी कधी पोचलोच नव्हतो,
साधूच्या मागून आणखी एक आवाज:
नुकताच फुटलेला, हळू,
मामाच्या रेकॉर्डबरोबर गुणगुणणारा.
सतारीपेक्षा सुरात.
मग कुकरची शिट्टी. मग "श्शू!"
कुकरला.

हेरंबचा नंबर आहे माझ्याकडे.
दसऱ्याला तो आपट्याच्या पानाचं चित्र पाठवतो,
मी अंगठा दाखवतो.

गाणं वाईटच आहे.
चाळीस वर्षांनी नीट ऐकून सांगतोय, वाईट आहे.

मशीनचं मागे न्यायचं बटण अडकलं होतं.
मी मुलीच्या कंपासपेटीतून पेन्सिल घेतली
आणि मोजत बसलो,
उलट्या बाजूने,
एकशे चाळीस.